पाचव्या तासाला दाराबाहेर

सबनीस मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका वर्गाबाहेर शिक्षा झाल्यासारख्या उभ्या होत्या. पाठ भिंतीला, हात मागे, नजर जमिनीकडे. मी मुलाखतीसाठी वेळेआधीच पोचले होते. ही कुणाची तरी आई असणार असं धरून मी विचारलं, "मैडम, प्रिन्सिपल का ऑफिस किधर है?" त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत कुणीतरी भूगोल शिकवत होतं. ते वाक्य संपेपर्यंत त्यांनी मला तसंच ताटकळत ठेवलं, मग शुद्ध मराठीत म्हणाल्या, "तू कॉम्प्युटरवाली ना? मीच ती प्रिन्सिपल. चल, आधी पाणी पी."

गाझियाबादमधली ही शाळा काही मराठी कुटुंबांनी मिळून चालवलेली. मुलं मात्र बहुतेक आसपासची, हिंदी बोलणारी. माझे वडील फौजेत, मी वाढले दिल्लीच्या छावणीत. माझं मराठी आईशी भांडण्यापुरतं उरलेलं होतं. मॅडम सांगलीच्या. नवऱ्याच्या केंद्र सरकारच्या नोकरीमागे तरुणपणी इकडे आल्या, ते गेल्यावरही इथेच राहिल्या. वर्ग डोळ्यांनी नाही, कानांनी तपासायचा, असं त्या म्हणत. आत गेलं की शिक्षक नाटक करतो, बाहेरून ऐकलं की खरं कळतं. रोज एक तास तरी त्या कुठल्यातरी वर्गाबाहेर उभ्या असायच्या आणि मुलं त्यांना वळसा घालून निघून जायची.

त्याच एप्रिलपासून शाळेत प्रत्येक मुलाला एक टॅबलेट मिळणार होता. मला घेतलं होतं त्यासाठीच. हे काम मॅडमनी अंगावर घेतलं आणि मन लावून केलं. मुलं बिघडतील म्हणणाऱ्या आईबापांच्या घरी त्या स्वतः गेल्या. कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या दुकानाच्या फळीवर बसून त्यांनी समजूत घातली. शाळेच्या जुन्या पडद्यांच्या पिशव्या शिवून घेतल्या, म्हणून आठशे टॅबलेट आमच्या सभागृहाच्या विटक्या निळ्या फुलांत गुंडाळलेले असत. आणि एक नियम केला. शिक्षक बोलत असताना टॅबलेट बाकावर उलटा. त्यासाठी त्यांचा एकच हुकूम होता, "पालथे!" हा शब्द मलाही ठाऊक नव्हता, मी घरी आईला विचारला. महिन्याभरात गाझियाबादची आठशे पोरं तो ऐकताच पटापट टॅबलेट उलटे करू लागली.

पहिल्या सभेत शिक्षक धास्तावलेले होते. मॅडम उभ्या राहिल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "इस टैबलेट की वजह से किसी एक की भी नौकरी नहीं जाएगी। ज़िम्मेदारी मेरी।" टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या त्यागी सरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसती मान डोलावली.

त्यागी सर गणित शिकवत. वय छप्पन्न, निवृत्तीला चार वर्षं बाकी, नोकरीचा करार मात्र आम्हा सगळ्यांसारखाच वर्षावर्षाचा. त्यांच्या प्रत्येक उदाहरणात एक गुप्ताजी असायचे. ते करोल बागेत खरेदीला जायचे आणि दर वेळी फसून यायचे. शेकडेवारी, व्याज, नफातोटा, सगळं या गुप्ताजींच्या डोक्यावर. टॅबलेट त्यांना जमला नाही आणि त्याचं कारण अगदी साधं होतं. त्यांच्या बोटांना कायम खडूची भुकटी असायची, काचेला बोट कळायचंच नाही. रुमालाला बोट पुसून त्यांनी चार दिवस टकटक करून पाहिली. पाचव्या दिवशी टॅबलेट पिशवीत घालून कपाटात ठेवला. मला म्हणाले, "बेटा, मैं बच्चे का चेहरा देखूँ कि शीशा?"

इथवर सगळं ठीक होतं. ऑगस्टमध्ये संस्थेचे कार्यवाह पाटणकर टीव्हीसारखा एक मोठा पडदा घेऊन आले आणि तो मॅडमच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर बसवून गेले. त्यावर सगळ्या शिक्षकांची नावं. रोज टॅबलेटवरून घरचा अभ्यास दिला, मुलांनी सोडवला, की नाव हिरवं. नाही दिला की लाल. शाळा सुरू असेतो तो पडदा बंद करायचा नाही, असा हुकूम. जाता जाता पाटणकर म्हणाले, "वर्षअखेर जे लाल राहतील त्यांचे करार वाढवायचे नाहीत. ठरलं ना मॅडम?"

"बिल्कुल," मॅडम म्हणाल्या.

ही त्यांची जुनी खोड होती. संस्थेच्या माणसांना त्या कधी नाही म्हणत नसत. एकदा मी त्यांना त्यावरून छेडलं तर हसून म्हणाल्या, "अगं, बिल्कुल म्हटलं की माणूस खूश होऊन उठतो. तो गेल्यावर आपण आपल्याला हवं ते करायला मोकळे." इतकी वर्षं हे चाललं. पण पाटणकर गेले तरी तो पडदा काही उठून गेला नाही. तो तिथेच, समोर. अठ्ठावीस नावं हिरवी आणि त्यागी सरांचं लाल. दोन दिवसांत मॅडमनी खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड केलं. येणाऱ्याला त्यांचा एकच गाल दिसायचा. तरी बोलता बोलता त्यांची मान वळायचीच.

त्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं आणि दार लावायला सांगितलं. "त्यागींचा पासवर्ड तूच ठेवलायस ना? दे."

"मॅडम, सरांना सांगून?"

"त्यांना सांगितलं तर आजच राजीनामा देतील. छप्पन्नाव्या वर्षी कोण ठेवणारेय त्यांना? मी सगळ्यांसमोर शब्द दिलाय, गौरी."

मी कागदावर लिहून दिला. मला नोकरी लागून चार महिने झाले होते. नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि खरं सांगायचं तर मला त्या बरोबरच वाटल्या.

दुसऱ्या दिवसापासून मॅडम फक्त एकाच वर्गाबाहेर उभ्या राहू लागल्या. आठवी अ, पाचवा तास, त्यागी सर. हातात लाल कापडी बांधणीची वही. सर आत बोलत, त्या बाहेर लिहून घेत. दुपारी शाळा सुटली की खोलीचं दार लावून सरांच्या नावाने आठवीच्या चारही तुकड्यांना पाच-पाच प्रश्न पाठवत. प्रश्नांत गुप्ताजी, करोल बाग, सरांचे टोमणेसुद्धा. पडद्यावर नाव हिरवं झालं की मगच डबा उघडत. मुलं दुसऱ्या दिवशी सरांना अडलेलं विचारत, सर फळ्यावर सोडवून देत. वर्गातलं बोलणं ऐकून टॅबलेटच हे प्रश्न आपोआप पाठवतो अशी सरांची समजूत होती. स्टाफरूममध्ये ते कौतुकाने म्हणत, "मशीन अक़्लमंद निकली, भाई।" मी चहाच्या कपात बघत बसायची.

एक दिवसही सुटी घेता येईना. सप्टेंबरात त्यांना ताप होता, तरी शाल पांघरून त्या दाराबाहेर उभ्या. पुण्याला भाचीचं लग्न होतं, गेल्या नाहीत. मी म्हटलं, "मॅडम, दोन दिवस लाल राहिलं तर काय होतंय?" त्या म्हणाल्या, "आतापर्यंत रोज हिरवं आणि मी नसताना लाल? कुणाच्याही लक्षात येईल. आतून कडी मीच लावलीय, आता निघता येत नाही." त्या एवढ्या वाळल्या की बांगड्या कोपरापर्यंत जायच्या. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा, कारण त्यांच्याबरोबर मीही कोंडली गेले होते.

आणि मग जानेवारीत पाटणकर पेढे घेऊन आले. सगळ्या शाळेत सर्वांत हिरवं नाव कुणाचं, तर त्यागी सरांचं. मुलं त्यांचे प्रश्न हौसेने सोडवत. पाटणकर म्हणाले, दिल्ली, नोएडाकडच्या दहा-बारा शाळांचे मुख्याध्यापक बोलावतो, त्यागींचा आदर्श वर्ग दाखवू. "चालेल ना?"

मॅडमच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "बिल्कुल." पाटणकर उठून गेल्यावर त्या बराच वेळ पेढा हातात धरून बसल्या होत्या.

सरांना टॅबलेट शिकवायचं माझ्यावर आलं. ते बिचारे हात धुऊन, साबण लावून आले. "मैडम कहती हैं तो सीख लूँगा।" मी त्यांचं खातं उघडून दिलं. थांबवायला हवं होतं हे कळेपर्यंत त्यांनी बोटाने पान वर सरकवलं होतं. ऑगस्टपासूनचे प्रश्न, एकाखाली एक, प्रत्येकावर लिहून पाठवणारा म्हणून त्यांचंच नाव. ते वाचत गेले. एका प्रश्नापाशी हसले. तिथे गुप्ताजी छत्री घेऊन फसले होते. मग हसू मावळलं.

"ये किसने लिखे?"

मी टॅबलेट पालथा केला.

"मैं समझता था मशीन मुझे सुनती है," ते म्हणाले. मग त्यांना दाराबाहेरची ती लाल वही आठवली असावी. ते उठून सरळ मॅडमच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले.

ते ओरडले नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, "आपने मुझे झूठा बना दिया, मैडम। एक बार पूछ तो लेतीं।"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "पूछती तो आप चले जाते।"

"जाता तो अपने पैरों से जाता।" जरा थांबून म्हणाले, "क्लास मैं लूँगा। झूठ नहीं बोलूँगा।"

आदर्श वर्गाच्या दिवशी बाहेर धुकं इतकं होतं की मैदानाचं फाटक दिसत नव्हतं. पाहुणे उशिरा आले. मागच्या बाकांवर मुख्याध्यापक, त्यांच्यात पाटणकर, कोपऱ्यात मॅडम आणि मी. सर आत आले, खडू उचलला आणि आपल्या गाझियाबादी घशातून म्हणाले, "पालथे!" चाळीस टॅबलेट एकदम उलटे झाले. पाहुण्यांना गंमत वाटली. मग गुप्ताजी करोल बागेत गेले. सवलत, सवलतीवर सवलत, वर कर. पुढची चाळीस मिनिटं मुलंच काय, पाहुणेही गुप्ताजींच्या बाजूने हिशोब करत होते. पाटणकरांचा चेहरा खुलला होता.

शेवटी एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "सर, घर के लिए इतने अच्छे सवाल रोज़ कैसे बनाते हैं?"

सरांनी खडू खाली ठेवला. तोंड उघडलं, एवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "वो मैं बनाती हूँ। इनको पता नहीं था।" मॅडम उभ्या होत्या.

पाटणकर घाईघाईने मराठीत म्हणाले, म्हणजे पाहुण्यांना कळू नये, "मॅडम, नंतर बोलू."

"नंतर नको, पाटणकरसाहेब. नंतर नंतर करतच मी इथवर आले." आणि त्यांनी सगळं सांगितलं. पडदा, लाल नाव, वही, पासवर्ड. "पासवर्ड मैंने लिया था," एवढंच म्हणाल्या, दिला कुणी ते सांगितलं नाही. मी शेजारीच बसले होते. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

इतक्या पाहुण्यांनी ज्यांचा वर्ग स्वतःच्या कानांनी ऐकला, त्या सरांना काढणं पाटणकरांना जमलं नाही. पुढच्या वर्षी सगळं स्वतः करायचं या अटीवर करार वाढला. मॅडमकडून महिनाअखेरचा राजीनामा घेतला. कारणाच्या रकान्यात "प्रकृती" असं लिहिलं होतं.

शेवटच्या दिवशी पाचव्या तासाला त्या सवयीने आठवी अच्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. वही नव्हती, हात मागे. आतून सरांचा आवाज थांबला. दार उघडलं. "मैडम, बहुत दिन खड़ी रह लीं। अंदर आइए।" पहिल्या बाकावरच्या मुली सरकल्या. मॅडम त्यांच्यात बसल्या आणि तास संपेपर्यंत गुडघे वाकडे करून तशाच बसून राहिल्या.

मग त्या सांगलीला बहिणीकडे गेल्या. पडदा अजून त्याच भिंतीवर आहे. नव्या प्रिन्सिपलनी खुर्ची पुन्हा त्याच्या समोर केली आहे आणि त्यावरची नावं रोज सकाळी मला तपासावी लागतात. एप्रिलमध्ये एका सकाळी त्यागी सरांचं नाव हिरवं दिसलं. हात धुऊन, स्वतः बसून पाठवलेला त्यांचा पहिला प्रश्न मी उघडला. त्यात गुप्ताजी नव्हते.

"एक मैडम रोज़ चालीस मिनट क्लास के बाहर खड़ी रहीं। एक सौ बीस दिन। बताओ, कुल कितने घंटे?"

सगळ्या मुलांचं उत्तर बरोबर होतं. ऐंशी तास. मी त्याचा फोटो काढून मॅडमना पाठवला. दुपारपर्यंत काहीच आलं नाही. पाचवा तास सुरू झाला तेव्हा फोन वाजला.

"त्यागींना सांग, उत्तर चुकलं. शेवटच्या दिवशी मी आत बसले होते. एकोणऐंशी तास वीस मिनिटं."