कोणती ओळ पुसायची

तिला सगळे टाकेबाई म्हणत. अकरा वर्षं ती भरतकामाच्या मशीनवर होती. कापडावर हात फिरवला की पोत ओळखणारी ही बाई कॉम्प्युटरसमोर मात्र अंग चोरून बसे.

त्या दिवशी साडेबारा वाजले होते. दवाखान्याचे चोवीस पांढरे कोट टेबलावर पडले होते. प्रत्येकाच्या खिशावर चिन्ह भरायचं, एकेकाला दहा मिनिटं. पाच वाजता मोठ्या नर्सबाई न्यायला येणार होत्या. "आज नाही तर यापुढे नाहीच," असं त्यांनी बजावलं होतं.

आणि कॉम्प्युटरवरचं चिन्ह मशीनला पोचवणारा पेनड्राइव्ह रुसला होता. मशीन जुनं, त्याला हा एकच छोटा पेनड्राइव्ह चाले. सकाळी तो वाचेना, म्हणून तिने फॉरमॅटला लावला आणि काम पुरं व्हायच्या आतच उपटला. मशीनवर सुई थांबली की ती तो असाच ओढून काढी; हाताला तीच सवय. आता कॉम्प्युटर म्हणत होता, त्यात जागाच नाही.

तिने धाकट्या भावाला फोन लावला. तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.

"सोपं आहे गं ताई. आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी उघडलीस ना? आता एक नंबरची डिस्क निवड, मग पुसायची आज्ञा दे. कोरी झाली की नव्याने जागा आखू."

"एक नंबरचीच कशावरून?"

"शून्य म्हणजे कॉम्प्युटर, एक म्हणजे पेनड्राइव्ह. घाबरतेस काय, बॉम्ब आहे का तो?"

"तू तिकडे बसून इकडचं बघतोस होय रे, शहाण्या?"

तिने आज्ञा टाइप केली. आता फक्त एक कळ दाबायची होती. बोट कळीवर गेलं आणि तिथेच अडलं. पडद्यावर डिस्कच्या यादीत ओळी तीन होत्या. एकीपुढे ४६५, एकीपुढे १९२०. मोठी कोणती, लहान कोणती? एमबी-जीबीच्या भानगडीत तिला उमजेना. कात्री लावण्याआधी ती कापड दोन्ही टोकांना धरून पाही. इथे टोक कुठलं धरायचं?

तिने टाइप केलेलं खोडलं, पेनड्राइव्ह काढला आणि यादी पुन्हा मागवली. दोन नंबरची ओळ गेली. एक नंबरची होती तिथेच होती.

"अरे, इथे तीन ओळी होत्या. पेनड्राइव्ह काढला तर दोन नंबरची गेली."

भाऊ हळूच म्हणाला, "ताई, एक नंबर म्हणजे तुझी नक्ष्यांची डिस्क. मीच बसवलेली. विसरलो गं."

अकरा वर्षांच्या नक्ष्या!

"आता गप्प बस आणि दोन नंबरचं सांग," ती म्हणाली.

पेनड्राइव्ह परत लावून तिने पुन्हा यादी पाहिली, तीनदा वाचली, मग दोन नंबरची आज्ञा टाइप करून कळ दाबली. नव्याने फॉरमॅट लागलं. या वेळी तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. "झालं," असं पडद्याने सांगितल्यावरच ते बाहेर काढले. चिन्ह पेनड्राइव्हवर उतरवून तो मशीनला लावला. एकला दहा कमी असताना मशीनचा हिरवा दिवा लागला आणि पहिला टाका पडला.

शेवटच्या कोटाचा दोरा तिने दातांनी तोडला तेव्हा पाचला सात मिनिटं होती. जिन्यात नर्सबाईंची पावलं वाजत होती.