सेंगोकु-सान आणि दहा पटाश्यांची लेबलं

सेंगोकु तामोत्सु हा गृहस्थ पहिल्यांदा माझ्या चहाच्या दुकानात आला, तेव्हा मला वाटलं आयकरवाले आले. नंतर वाटलं पोलीस. मग त्याने काचेच्या भिंगातून माझ्या सगळ्या डब्यांवरची लेबलं वाचायला सुरुवात केली, आणि माझी खात्री पटली की हा माणूस देवाने सृष्टीची तपासणी करायला धाडला आहे आणि सुरुवात जपानातल्या आमच्या मिकी गावापासून, त्यातही माझ्यापासून करायचं ठरलंय. त्याचं नाक इतकं पुढे होतं की माणूस दारात असतानाच नाक गल्ल्यापर्यंत पोचायचं. भुवया अशा, की त्यांच्या सावलीत दोघेजण जेवायला बसले असते.

"भाजका चहा," तो म्हणाला. "हलक्यातला. हा घाऊक कोण नेतं तुमच्याकडून?"

"पिणारे नेतात."

"पिणारे!" तो असा हसला की जणू मीच तो चहा कुठूनतरी चोरून आणलाय. "लेबलं बुडवणारेही नेतात. नवं लेबल छापायचं, भाजक्या चहात भिजवायचं, वाळवलं की पन्नास वर्षं जुनं. नावं सांगा."

मी चहाचा पेला पुढे केला. त्याने हुंगला, माझ्याकडे पाहिलं आणि गरम पाणी मागितलं. पुढे आमची इतक्या वर्षांची दोस्ती झाली, पण माझ्याकडे तो कायम गरम पाणीच प्यायला.

तो जुनी हत्यारं दुरुस्त करायचा. आमच्या मिकीत हे काम करणारे पुष्कळ. इथे कुठेही दगड मारला तर तो लोहार, करवतीवाले, रंधेवाले यांच्यापैकीच कुणाला तरी लागेल आणि तो दगड परत आणून देताना धार लावून देईल. पण सेंगोकु-सानचा जीव गंजात नव्हता, लेबलात होता. घडवणाऱ्या पेढीचं कागदी लेबल हत्याराच्या मुठीवर शिल्लक असेल तर तो आधी त्यावर पातळ कागद बांधायचा, मगच गंजाला हात लावायचा. फाटलं असेल तर मागून तुतीच्या कागदाचं ठिगळ, पण पुढून रेघही भरायची नाही. उडालं असेल तर उडालं. गावातले इतर कारागीर नवं छापून चिकटवायचे. त्यांच्याबद्दल तो ज्या आवाजात बोलायचा, त्या आवाजात आमच्याकडे लोक फक्त घरफोड्यांबद्दल बोलतात.

संशय ही त्याची मूळ वृत्ती. संत्र्यावर संत्र्यांच्याच वाकायामा प्रांताचा स्टिकर असला तर तो आधी स्टिकर तपासायचा, मग संत्रं, मग देणारा. त्याच्या बायकोने एकदा मला हसत सांगितलं होतं, "लग्नात यांनी माझ्या किमोनोच्या आतली चिठ्ठी उलटून पाहिली हो." ती गेल्यावरही तिच्या फोटोपुढच्या उदबत्तीचा पुडा तो दर वेळी वास घेऊन आणायचा.

तर एका नोव्हेंबरात मी त्याच्याकडे शेकोटीशी बसलो होतो, आणि फुमिनो आजी आली. कोतानी फुमिनो. शाळेत ती सेंगोकुच्या दोन वर्ग पुढे, त्यामुळे सगळं गाव ज्याला वचकून असायचं त्याला ती अरे-तुरे करायची. हातात कापडात बांधलेली लाकडी पेटी.

"तामोत्सु, हे बघ आणि शिक्का मार. उगाच नाक खुपसत बसू नकोस."

गिइचीच्या पटाश्या. गिइची म्हणजे तिचा नवरा, सुतार, आदल्या वसंतात वारलेला. गावातल्या हत्यारांच्या संग्रहालयात 'आपल्या सुतारांची हत्यारं' असं एक कपाट होणार होतं. त्यात गिइचीचं नाव लागावं एवढीच म्हातारीची इच्छा. संग्रहालयाने सूचना लावली होती: घडवणाऱ्याचं मूळ लेबल जागच्या जागी असलेलीच हत्यारं घेतली जातील, आणि ती सेंगोकुने पाहिलेली असावीत. सेंगोकु-सानने आजवर तपासलेल्या वस्तूंपैकी त्याने बिनशर्त पास केलेली एकही कुणाला आठवत नव्हती.

त्याने पेटी उघडली. दहा पटाश्या, अरुंद ते रुंद. प्रत्येक मुठीवर पेढीचं लाल-पांढरं लेबल, स्वच्छ, सरळ.

सेंगोकुचं नाक हललं. मी मनात म्हटलं, झालं.

"ताई, ही लेबलं पहिल्यापासूनच अशी?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे गिइचीने पटाश्या कधी वापरल्याच नाहीत."

"काय म्हणालास?" म्हातारी इतकी ताठ झाली की क्षणभर तिचं कुबड गेलं. "डोंगरावरच्या देवळाची कमान कुणी केली? तुझ्या बापाने?"

"मुठीवर हात फिरला की लेबल आठवड्यात जातं. इथे मुठीच्या टोकाला, लोखंडी कडीवरचं लाकूड हातोडी खाऊन खाऊन फुललंय, आणि लेबलाला साधी सुरकुती नाही. एक तर लेबल खोटं, नाहीतर तुझा नवरा आळशी. तूच निवड."

फुमिनो आजी माझ्याकडे वळली. "बघतोयस ना, हा मेलेल्या माणसाला आळशी म्हणतोय."

मी गरम पाणी प्यायलो. सेंगोकु माझ्याकडे वळला. "ही तुमच्याकडून भाजका चहा नेते?"

"तीस वर्षं नेते."

"बघा!"

"अरे पिते मी तो!" आजी ओरडली. "दात गेल्यापासून सकाळी तोच भातावर घेते, मेल्या!"

मग त्याने जे केलं ते पाहून मला वाटलं आता पोलीस खरोखर बोलवावे लागतील. त्याने लेबलाच्या कडेला जीभ लावली. डोळे मिटले. "भाताची खळ. ताजी. याच महिन्यातली." आणि म्हातारी काही बोलायच्या आत किटलीची वाफ धरून एक कोपरा उचलला. खालचं लाकूड काळं, तुकतुकीत, तळव्याच्या घामाने पॉलिश झालेलं. लेबलाखाली घाम! म्हणजे घाम आधी, लेबल नंतर.

"कुणाकडून छापून आणलीस?"

आजी पेटीच्या कापडाची घडी घालू लागली.

"फुमिनो-ताई, नाव सांग. त्या माणसाला मी गावात राहू देणार नाही."

"छापली नाहीत," ती म्हणाली, पण नजर खाली. आता माझाही संशय वाढला. माणूस खरं बोलताना जमिनीकडे कशाला बघेल?

सेंगोकुने लेबल उताणं केलं. कागद जुना होता. शाई जुनी होती. त्याचा चेहरा असा झाला, जणू चोराला पकडायला धावावं आणि त्याने आपलीच हरवलेली छत्री हातात द्यावी. तो पुन्हा पेटीपाशी गेला. झाकण उजेडाला धरलं आणि भिंग डोळ्याला लावलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला, धुराने पिंगट झालेल्या लाकडावर, फिकट चौकोन होते. एकाखाली एक, दहा.

आमच्याकडे काही जुन्या सुतारांची ही पद्धत होती. नवी पटाशी पहिल्यांदा हातात घ्यायची त्या दिवशी लेबल ओलं करून काढायचं आणि पेटीच्या झाकणात आतून चिकटवायचं. घडवणाऱ्याचं नाव हाताखाली चुरगळू नये, म्हणून. गिइचीने तसंच केलं होतं. आणि त्याच्या बायकोने संग्रहालयाची 'जागच्या जागी' ही सूचना वाचली, जागा म्हणजे मूठच असं धरलं, स्वयंपाकघरात वाफेवर झाकण धरून दहाही लेबलं सोडवली आणि मुठींवर परत नेऊन लावली. खरी लेबलं, खऱ्या पटाश्या, आणि दोन्ही मिळून पुरता बनाव.

"एक फाटलं काढताना," ती हळू म्हणाली. "सगळ्यात बारकीचं. भाताने जोडलं. ते दिसू नये म्हणून गप्प होते. त्याचं नाव लागू दे रे. बाकी मला काही नको."

सेंगोकुने पेटी पुढे ओढली. त्याने पटाश्या चटईवर ओळीने मांडल्या आणि बोटाने पात्यांची लांबी पाहू लागला. मला कळेना आता आणखी कसला संशय. मग दिसलं. धार लावून लावून सगळीच पाती आखूड झाली होती, पण एका मधल्या पटाशीचं पातं जवळपास संपलं होतं. अंगठ्याच्या पेराएवढं उरलेलं.

"हिने कमान केली," तो म्हणाला.

"हिनेच. रोज शिव्या द्यायचा हिला, आणि रोज हिलाच आधी हात घालायचा."

पुढचे काही दिवस दोघंही किटलीपाशी बसून भांडत होती. लेबलं मुठीवरून उतरवायची, झाकणात त्यांच्याच चौकोनात परत बसवायची. कुठलं कुठे, यावर वाद. ती म्हणायची बारकीचं वर, तो चौकोनाच्या कडा भिंगातून मापून म्हणायचा खाली. आणि फाटक्या लेबलाच्या जोडाची रेघ शाईने भरावी असं मी सुचवलं, तेव्हा दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा पोचवायचं निमित्त काढून निघालो. बायकोने विचारलं, "अहो, इतक्यात परत?" मी म्हटलं, "मला तिथून लेबलासारखं सोडवलं."

संग्रहालयाचे उराबे-सान पाहायला आले. सरळ, सभ्य माणूस. मुठी उलटसुलट केल्या. "पण सेंगोकु-सान, मुठीवर लेबल नाही. सूचनेप्रमाणे..."

"झाकणात आहे. तीच त्याची जागा."

"तुम्ही स्वतः खात्री देता?"

सेंगोकु-सानने आयुष्यात कुणाची खात्री दिली नव्हती. त्याने पेटी पाहिली, म्हातारी पाहिली, मला पाहिलं (मला उगाचच), आणि कमरेच्या थैलीतून आपला शिक्का काढला. लाल शाईत दाबला, उराबे-सानच्या कागदावर उठवला. मग शिक्क्याचा ठसा बरोबर उठलाय का, ते भिंगातून पाहिलं.

फुमिनो आजी एवढी वाकली की तिचं डोकं चटईला टेकलं. "मेल्या," ती तिथूनच म्हणाली, "हे आधी केलं असतंस तर माझा महिन्याचा तांदूळ वाचला असता."

दोघंही आता नाहीत. कोतानी गिइचीच्या पटाश्या संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, त्याच्या नावाच्या पाटीसह, अजून आहेत. कपाटाचा कप्पा ठेंगणा असल्यामुळे पेटीचं झाकण, आतल्या दहा लेबलांसकट, बंद ठेवावं लागतं.