मारुतीरावानं राखलेली जागा

मारुतीरावाला सगळी निपाणी देवमाणूस म्हणायची. म्हणू द्या! मी अक्काताई, त्येच्या तंबाखूच्या वखारीत वीस वर्सं चाळण धरली. त्यो कसा हुता ते मला इचारा.

वखारीत रजेचा एकच कायदा. आजारी पडा न्हायतर बाळंत व्हा, आपल्या जाग्यावर घरातलं माणूस बदली बसवायचं. न्हाय बसवलं, तर नाव कटाप. ह्या बाबाला मातर नुसती शिंक आली की महिनाभर हवापालटाला जायाचा. तवा गादीवर बदली कोण, हे इचारायची आमची छाती न्हवती.

लढाईच्या वक्ताला त्येला सरकारकडनं रावसाहेब किताब मिळवायचं डोहाळं लागलं. चाळणीवरचा भरमू बेळगावात पलटणीत भरती झाला, तर ह्यानं हलगी लावली, हार घातला, भरतीच्या गोऱ्या सायबासंगं फोटू काढला. "भरमू, तुझी जागा तुझीच रं! लढाई जिंकून ये," म्हणाला. सायेब गेल्यावर हळूच इचारलं, "बदली कोण?"

बदली म्हणून भरमूची बायको नागुबाई बसली, माझ्या शेजारीच. लई गुणाची पोरगी. नवरा माघारी आला की त्येच्या हाताला काम पायजे, ह्यो एकच ध्यास. तीन वर्सं तंबाखूची धूळ खाल्ली तिनं. मग खोकताना पदराला रगत लागाय लागलं. मीच तिला घिऊन मारुतीरावाकडं गेलते.

त्यो पानाला चुना लावत म्हणाला, "रजा भरमूला दिलीया. ही त्येची बदली. बदलीला कसली रजा?"

"आवं, रगत पडतंय तिचं!"

"मग बदलीची बदली दे. मी कुठं न्हाय म्हंतोय?"

काय ह्यो न्याव! मुडदा बशिवला त्येचा! घरात उरली हुती फकस्त सासू बाळाबाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हातारीला कुठं धुळीत बसवायचं, म्हणून नागू तशीच येत राह्यली. "आक्का, लढाई सरली म्हंत्यात. आता येतीलच," म्हणायची.

भरमू आला त्यो फुडच्या उन्हाळ्यात. खाकी कपड्यात, मोटारीतनं उतरून घरी न जाता थेट वखारीत. मारुतीराव हार घिऊन धावला. "ये, ये! बघ, तुझी जागा एक दिस रिकामी ठेवली न्हाय!"

भरमूनं हसत चाळणीकडं बघितलं. तिथं त्येची आई बसलीती, हातानं चाचपत. वखारीचा कायदा त्येलाबी ठावं हुता. नागूच्या जाग्यावर आई बसलीया म्हंजी काय, ते त्येला कुणी सांगाय लागलं न्हाय.

"कधी?" माझ्याकडं बघून इचारलं.

"दिवाळीच्या आदी गेली," मी म्हटलं.

मग त्येनं आईच्या हातातली चाळण काढून खाली ठेवली आन् तिला धरून दाराकडं चालाय लागला. मारुतीराव हार तसाच हातात घिऊन वरडला, "आरं, निघालास व्हय? मग म्हातारीच्या जागी कोण बसवतोस ते तरी सांगून जा!"

आम्ही तीस बाया हुतो तिथं. चाळणी हलतच राह्यल्या, माझीबी.