लवूआज्याने उतरवलेले नळे

माझा आजा लवू नव्वदीला टेकून मेला. मरायच्या आदल्या दिवशी त्यानं गोठ्याच्या दाराचं बिजागर बसवलं आणि सांजेला पेज जेवताना मीठ कमी म्हणून माझ्या आयशीला दोन शब्द ऐकवले. हळहळावं असं त्यात काही नव्हतं. तरी आम्ही रडलो भरपूर.

गावात एक घर असं नव्हतं की जिथं त्याचा हात लागलेला नाही. कुणाच्या जात्याचा खुंटा, कुणाच्या विहिरीचा रहाट, कुणाचा पाळणा. मोबदला म्हणून पान खायचा, दुसरं काही पुढे केलं तर शिवी द्यायचा. आजी, म्हणजे शेवंती, चारचौघांत म्हणायची, "जगाच्या घराक ह्येंचो हात लागता. आमच्या पडवीचो खांब दोन वर्सा कलंडलो, तो ह्येंका दिसणा नाय."

पण त्याची खरी विद्या छपराची. आमच्याकडे कौलांना नळे म्हणतात. कुंभारानं हातानं वळलेले, अर्ध्या नळीसारखे. दर साली मिरगाच्या आधी ते उतरून, झाडून पुन्हा लावायचे. एका कुंभाराचा नळा दुसऱ्याच्या नळ्यावर नीट बसत नाही, हे आजा मिशी फुटायच्या आधी शिकला. मग गलबतातून मुंबईला गेला, परळच्या एका गिरणीत भट्टीवर लागला आणि सुट्टीच्या दिवशी वाडीतली छपरं परतू लागला. एकवीस खोल्यांची वाडी, सगळी कोकणातली माणसं; त्यातली एक खोली आजा-आजीची. तीस वर्षं त्या छपरांवर त्याच्याशिवाय कुणी पाय ठेवला नाही.

त्या वाडीत जाईबाई राहायची. नात्यानं आजाची वहिनी, नवरा कधीच वारलेला. गिरणीतल्या बारा जणांना ती जेवू घालायची, त्याच्यावर तिचं पोट. तिची चूलसुद्धा आजानंच घातलेली.

अठराशे सत्त्याण्णव साली मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग होता. माणसं पटापट मरत होती, उरलेली बोटीत बसून गावाला पळत होती. सरकारी टोळ्या घरोघर फिरायच्या. घरात ऊन शिरलं पाहिजे म्हणून छपरं उघडी करायचा हुकूम होता. वाडीत टोळी आली ती पहारी घेऊन. पहिलीच खोली म्हाताऱ्या विठोबाची. खालून पहारी मारल्या, नळ्यांचा चुरा अंगणात.

आजा पुढे झाला. हात जोडून जमादाराला म्हणाला, "फोडू नका. छप्पर उघडंच पाहिजे ना? मी काढून देतो."

टोळीबरोबरचा गोरा साहेब घड्याळ बघून हो म्हणाला. आजा वर चढला.

चौथी खोली जाईबाईची. ती बाजारातून डोक्यावर पाटी घेऊन आली, तर खाली साहेब उभा आणि वर छपरावर लवू, हातात तिचे नळे.

"मेल्या लव्या! सरकाराचो चाकर कधीपासून झालंस?"

"वयनी, मी नाय काढले तर ते पहारीन फोडतले."

"फोडूंदेत! त्येंच्या हातान फुटले असते तर त्येंका शिव्या घातलंय असतंय. आता कोणाक घालू?"

"माका घाल. पण जरा बाजूक सर, नळो पडात."

तिनं खरंच घातल्या. चांगल्या सात पिढ्यांपर्यंत पोचवल्या. तेव्हापासून वाडी आजाशी बोलेना. शेवंती विस्तव मागायला गेली तर चुली विझलेल्या. आजानं मात्र प्रत्येक खोलीचे नळे वेगळे रचले, मध्ये पेंढा घातला, एकाचा नळा दुसऱ्यात जाऊ दिला नाही. स्वतःच्या खोलीचेही तसेच.

मे महिन्यात छपरं झाकायला मुभा मिळाली. मिरग तोंडावर, आणि वाडीतले धडधाकट पुरुष गावाला. आजा दारोदार गेला. लोक तोंडानं हो म्हणाले नाहीत, पण शिडी आणून लावली. विठोबाच्या खोलीला नळेच नव्हते. आजानं आपल्या खोलीचे सगळे तिथं लावले आणि आपल्या डोक्यावर झावळ्या घातल्या. शेवंती चार दिवस बोलली नाही. ती धरून आता न बोलणारी पुरी वाडी झाली.

उरली जाईबाई. तिच्या चुलीवर आभाळ. जेवणारे बारांचे पाच झाले होते. पाऊस सुरू झाला की तेही जाणार, हे तिला कळत होतं.

"वयनी, घालू काय नळे?"

"तुझो हात माझ्या घराक लागूचो नाय."

"मग भिजतलंस."

"भिजान. नायतर मीच घालीन."

आजाला वाटलं, नुसतं बोलते आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पन्नाशी उलटलेली बाई कासोटा घट्ट मारून शिडीवर. खाली पोरं, बाया, घरमालकाचा मुनीम, सगळे माना वर करून.

"गे बाय, पडशील!" विठोबा ओरडला.

"पडलंय तर लव्याक सांग, माझीय हाडा नीट रचून ठेव म्हणान!"

वाडी तीन महिन्यांनी हसली. आजा हसला नाही. तिच्या ढिगाशी जाऊन बसला आणि एकेक नळा विठोबाच्या हातात देऊ लागला. विठोबा वर देई. जाईबाईनं पहिली ओळ लावली ती उलटी. आजा जमिनीकडे बघत, कुणाला तरी सांगावं तसं म्हणाला, "रुंद तोंड वर असता."

तिनं ओळ उतरवून पुन्हा लावायला घेतली. दुसऱ्या ओळीला विठोबाला म्हणाली, "त्येका इचार, वासो हलता तर काय करूचा?"

"तिका सांग, पाय भिंतीवर ठेव."

असं दुपारपर्यंत चाललं. विठोबा नळेही पोचवी आणि निरोपही. शेवटी आढ्यापाशी नळा काही बसेना. तिनं तो इकडे फिरवला, तिकडे फिरवला. पदरानं घाम पुसला आणि विठोबाला ओलांडून सरळ खाली ओरडली, "भावजी, ह्यो हय बसतलो काय थय?"

आजा उठला. मान वर करून पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.

"थय. जरा दाबून."

त्या पावसाळ्यात जाईबाईचं छप्पर तीन ठिकाणी गळलं. ती भिंतीपलीकडून ओरडायची, "भावजी, तुमचे नळे गळतत!"

"घातले कोणी?" आजा झावळ्यांखालून विचारायचा.

"शिकवले कोणी?"

जेवणारे पाचांचे आता आठ झाले होते; गळक्याखाली टोप ठेवून ती आठ जणांच्या भाकऱ्या थापायला बसायची.