चार दिवस काकडी आणि शुगरची टेस्ट

मायग्रेनची रोजची गोळी सुरू होऊन आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत मी अक्षरशः माणसात आले होते. त्याआधी महिन्यातले सात-आठ दिवस वाघोलीच्या फ्लॅटमध्ये पडदे ओढून, शेजारी बादली घेऊन पडून असायचे. खराडीतली पहिली नोकरी त्यातच गेली. आता लोचा एकच होता, वजन अकरा किलो वाढलेलं. मी म्हटलं वाढू दे, जीन्स नवी घेईन.

सदाशिव पेठेतल्या माझ्या डॉक्टर मॅडमना ते पटलं नाही. या गोळीने भूक वाढते, वजन वाढतं, तुमच्याकडे आई-बाबा दोघांनाही शुगर आहे, तेव्हा ब्लड टेस्ट करा, म्हणाल्या. शुगर वर आली तर गोळी बदलावी लागेल. बस्स, पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. गोळी बदलायची म्हणजे परत तेच? ही नोकरी पण जाणार?

मग मी इंजिनिअरिंगवाली अक्कल चालवली. चार वर्षं सगळे पेपर शेवटच्या चार दिवसांत काढलेत, तशीच टेस्ट पण काढू. चार दिवस काकडी, ताक आणि जिने चढणं. रूममेट म्हणाली, "अगं, रक्त तपासणारेत, व्हायवा नाहीये." मी कशाला ऐकतेय!

पाचव्या दिवशी सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये बसले होते आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात मायग्रेनच्या अटॅकआधी दिसते ती वाकडीतिकडी चमकणारी रेघ सुरू झाली. आठ महिन्यांनी. कसंबसं रक्त दिलं आणि तिथल्याच बेसिनमध्ये उलटी केली. रूममेटने रिक्षात घालून घरी आणलं. रस्ताभर डोक्यात एकच, गोळी चालू असताना हे होतंय तर गोळीशिवाय काय होईल?

रिपोर्टमध्ये उपाशीपोटीची शुगर मस्त नॉर्मल होती. खालची ओळ मात्र लाल. ती तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी असते म्हणे, हे मला माहीतच नव्हतं. मॅडमनी दोन्ही आकडे बघितले, मग मला बघितलं.

"शेवटच्या आठवड्यात बराच अभ्यास झालेला दिसतोय."

मी काकडीसकट सगळं सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत, त्याने जास्तच भीती वाटली. अटॅक उपाशी राहिल्यामुळेच आला असणार, जेवण चुकवायचं नाही, म्हणाल्या. अजून डायबिटीस नाहीये, पण अगदी काठावर आहे. आताची गोळी हळूहळू कमी करायची, दुसरी हळूहळू वाढवायची, आणि ती लागू पडायला दोन महिनेही लागू शकतात.

"आणि नाही लागू पडली तर?"

"तर तिसरी बघू. पण मला तुमचं खरं शरीर दाखवा. सजवून आणलेल्या शरीराला औषध कसं देऊ मी?"

आज अर्ध्या गोळीचा सहावा दिवस. डोकं ठीक आहे. मॅनेजरला आधीच कळवून ठेवलंय की पुढचे दोन महिने मी मध्येच आजारी पडू शकते. त्याने नुसता अंगठा पाठवला. तेव्हापासून तो अंगठा मी दहा वेळा उघडून बघितलाय.