आत्याला विचारलं का?

मला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच, रिहे गावात झालं. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. भातं कापणीला आली होती. मुलगी झाली.

नावाची तयारी मी सातव्या महिन्यापासूनच केली होती. मी पुण्यात वाढलेली, गावातली तीच ती नावं मला नको होती. एका वहीत मी नावं लिहून ठेवायचे आणि प्रत्येकापुढे ते कुठं सापडलं तेही. एक रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाईंचं, एक ह्यांच्या पिरंगुटच्या कारखान्यातल्या साहेबांच्या मुलीचं, एक एसटीत शेजारी बसलेल्या शाळकरी पोरीचं.

पाचव्या दिवसापासून बाळ रडायला लागलं. सकाळी शांत, जेवणवेळेला शांत. चार वाजले की सुरू, ते दिवे लागेपर्यंत. पौडच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि औषध दिलं. सासूबाईंना ते पटलं नाही.

"नाव मागतिया ती," त्या म्हणाल्या.

घरातलं गेलेलं माणूस परत आलं की आपलं नाव घेतल्याशिवाय गप्प बसत नाही, असं त्या मानायच्या. मग रोज चारला पाळण्याशी बसून त्या घरातल्या गेलेल्या बायकांची नावं घ्यायला लागल्या. एक नाव घ्यायचं, थांबायचं, बाळाकडे बघायचं, मग पुढचं. मला ते ऐकवत नसे. दाराबाहेर त्या सगळ्या उभ्या आहेत आणि एकेकीला आत बोलावणं चाललंय, असं वाटायचं.

बाळ कुणाच्याच नावाला थांबलं नाही.

अकराव्या दिवशी, बारसं दुसऱ्या दिवसावर आलेलं असताना, बांगड्या भरायला पौडहून चाची आली. बाजारात तिच्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान होतं. सासूबाई नवी नवरी होत्या तेव्हापासून तीच ह्या घरात बांगड्या भरत होती. ती माझा हात दाबून बांगडी चढवत होती, एवढ्यात रडणं सुरू झालं.

"समद्यांची नावं घेतली," सासूबाई तिला म्हणाल्या. "गपच बसंना."

चाची मान वर न करता म्हणाली, "नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्याला इचारलं का?"

"ह्यांना बहीण कुठं आहे?" मी म्हणाले. "कानात नाव सांगायला चुलत नणंद येणार आहे उद्या."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. चाचीनं माझा हात सोडला, पेटीच्या तळातून लहान मापाच्या हिरव्या बांगड्या काढल्या आणि पाळण्यात बाळाच्या पायाशी ठेवल्या.

"आठ वर्साची हुती," ती म्हणाली. "ह्येच माप हुतं."

सासूबाईंची थोरली मुलगी. पावसाळ्यात एका दुपारी, चारच्या सुमाराला, ओढ्याचं पाणी अचानक वाढलं आणि तिला घेऊन गेलं. हे मला त्या दिवशी कळलं. सासूबाईंनी सगळ्यांची नावं घेतली होती, तिचं तेवढं घेतलं नव्हतं.

"घे की गं तिचं नाव," चाची म्हणाली.

"न्हाई. त्या दिशी काठाकाठानं लई हाका मारल्या. आता त्वांडातनं निघत न्हाई."

चाची माझ्याकडे वळली. "तुज्याकडं वही हाय म्हणं. वाच. तिला आवडंल ते ती सांगंल."

एरवी मला हसू आलं असतं. मी वही आणून वाचायला बसले. रडण्यात माझा आवाज बुडत होता. तिसऱ्या पानावरचं एक नाव वाचलं आणि रडणं थांबलं. हुंदका नाही, कण्हणं नाही. तोंड उघडंच राहिलं, आवाज तेवढा गेला. अकरा दिवसांच्या बाळाची नजर ठरत नाही. तिची ठरली होती, पायथ्याच्या बाजूला, जिथं आमच्यापैकी कुणीच बसलेलं नव्हतं.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "ह्ये नाव तुला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही."

"खरं सांग पोरी. तिच्या भावलीचं नाव हाय ह्ये. चिंध्यांची भावली. ती तेवढी काठाला घावली."

मी वहीत पाहिलं. सगळ्या नावांपुढे ती कुठून आली ते होतं. ह्या नावापुढे जागा कोरी होती. अक्षर माझंच होतं, पण लिहिल्याचं आठवत नव्हतं.

संध्याकाळी हे कामावरून आल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "बाहुलीचं तुम्ही कधी बोलला होता का?"

"मला बहीण होती हेच कधी सांगितलं नाही तुला," ते म्हणाले. "मी चार वर्षांचा होतो. मला तर तिचा चेहराही आठवत नाही. बाहुलीचं कुठून सांगू?"

ते नाव ठेवायची मला भीती वाटत होती, आणि न ठेवायची त्याहून जास्त. शेवटी चुलत नणंदेनं तेच नाव बाळाच्या कानात सांगितलं. बायका घुगऱ्या घेऊन गेल्या. चार वाजले. सासूबाई आणि मी पाळण्याशी उभ्या राहिलो. मुलगी झोपली होती. नंतर ती कधी तशी रडली नाही.

त्या थंडीत सासूबाई आपल्या लेकीबद्दल बोलायला लागल्या. चुलीशी बसून सांगायच्या, तिला काय आवडायचं, कशाला हट्ट करायची, केस विंचरताना कशी पळायची. मी ऐकायचे. मुलगी माझ्या मांडीवर टक्क जागी असायची, आणि मधेच, सासूबाईंनी काही चुकीचं सांगितलं असावं तशी, कपाळाला आठी घालायची.