मागच्या खुर्चीवरून

नसरीन आपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी करमाडजवळ कंपनीच्या बसमध्ये होतो. हृदयविकाराचा झटका, उस्मानपुऱ्यातल्या घरीच. काही आठवडे उलटलेत. रडू ओसरलं, राग मात्र उतरत नाही.

आमच्या कारखान्यात साहेबांची सगळी प्रेझेंटेशनं आपाच बनवायच्या. स्लाइड पडद्यावर लावायची, हॉलच्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसायचं आणि चष्मा काढायचा, ही त्यांची रीत. "इथून वाचता येत नाय, ती ओळ कुणासाठी हाय?" म्हणत ओळ उडवायच्या. एका स्लाइडवर एकच गोष्ट. साहेब त्यांच्या माघारी सगळं परत कोंबायचे... एकदा आपा भर मीटिंगमध्ये म्हणाल्या, "सर, रिकामी जागा दिसली की तुम्ही लगेच भाडेकरू घुसवता." साहेब हसले आणि कोंबत राहिले.

स्लाइड चालू असताना कीबोर्डवरचं 'बी' दाबलं की पडदा काळा होतो. कुणी मनापासून बोलायला लागलं की मांडीवर कीबोर्ड घेऊन बसलेल्या आपा हळूच ते दाबत. "आता माणसाकडं बघा," म्हणत.

शोकसभेत साहेबांनी स्लाइड लावली. लोगो हातभर, आपांचा फोटो तिकिटाएवढा, शेजारी लुकलुकणारी पणती, खाली मुंगीच्या अक्षरांत पानभर मजकूर. आमच्याकडे पाठ करून तो शब्द न् शब्द वाचला. हेच करू नका म्हणून ज्या बाईनं आयुष्यभर घसा कोरडा केला, तिलाच हा निरोप! मग आपांच्या अम्मी बोलायला उभ्या राहिल्या. "मेरी नसरीन..." म्हणाल्या आणि थांबल्या. सगळा हॉल त्यांच्या डोक्यावरून ती मुंगीची अक्षरं लावत बसलेला. माझं डोकंच फिरलं. उठलो, टेबलावरच्या आपांच्या कीबोर्डवर बी दाबलं.

"अरे, लाइट गेली का?" साहेब म्हणाले.

"नाय सर. मीच बंद केलं. अम्मीकडं बघा."

अम्मी मग बराच वेळ बोलल्या. लोकांनी ऐकलं.

तो कीबोर्ड आता माझ्या टेबलावर आहे. त्यावरचं बी पार पुसून गेलंय. परवा साहेबांनी नवा कोरा कीबोर्ड पाठवला. मी खोकंसुद्धा न उघडता परत केला.